धनेशाच्या झाडाखालची पिसे

त्या रानात पक्ष्याची थोरवी त्याच्या आवाजावरून ठरत नसे. त्याची हाक किती गळ्यांनी पुन्हा उच्चारली, यावरून ठरे. दुसऱ्याची हाक उच्चारणाऱ्याने आपले एक पीस त्याच्या झाडाखाली टाकायचे, अशी रीत होती. ज्याच्या झाडाखाली पिसांचा थर जाड, त्याला सभेत वरची फांदी मिळे. हाक उच्चारली म्हणजे ती पाळलीही, असेच सगळे धरून चालत.

रानात एक आजार होता. चांगला उडता पक्षी एखाद्या दिवशी पंख मिटून बसे आणि चोचीपुढचे फळही त्याला दिसेनासे होई. त्याला मिटणे म्हणत. जाणते पक्षी अशांवर ओरडत, त्यांच्या चोचीत बळेच फळे कोंबत. धनेश तरुण असताना एका मिटलेल्या कवड्याशेजारी नुसता बसून राहिला. पानगळ झाली, पालवी फुटली. एका सकाळी कवड्याने मान वळवली. “तू अजून इथंच?” एवढे विचारून त्याने स्वतःच एक उंबर खुडले.

धनेशाने आणखी कितीतरी मिटलेल्यांजवळ बसून पाहिले. खात्री पटली तेव्हा त्याने टेकडीवरून हाक दिली: “पंखाला पंख लावून बसा. बोलू नका. उठू नका.”

हाक साऱ्या रानात पसरली. पिसे येऊ लागली. मग धनेशाला बसायला वेळ उरला नाही. आज या डोंगरावर, उद्या त्या. शेजारची साळुंकी बातम्या आणी. “भाऊजी, नदीपलीकडं तुमची हाक पिल्लांना पाठ झालीय! आणि ही पिसं बघा. वहिनींना पाय टेकायला जागा ठेवलीत की नाही?”

धनेश हसला. वहिनी हसली नाही.

त्या वर्षी धनेशी ढोलीचे दार लिंपून अंड्यावर बसली होती, आणि अंड्यातून पिल्लू निघाले नव्हते. दार फोडून ती बाहेर आली, खालच्या फांदीवर बसली, ती बसलीच. धनेशाने तिचे मिटलेले पंख पाहिले. ती खूण त्याच्याइतकी कुणालाच ओळखता येत नव्हती.

“अहो,” ती म्हणाली, “जरा इकडं सरकून बसता का?”

“पठारावर सभा आहे. राघू माझी हाक चुकीची म्हणतायत. एवढं नीट करून येतो, मग बसतोच.”

“बरं,” ती म्हणाली.

जाताना त्याने साळुंकीला सांगितले, “हिच्यापाशी बस.”

“हे काय सांगणं झालं, भाऊजी? तुमची हाक माझ्याइतकी स्वच्छ कोण म्हणतं?”

पठारावर राघू हाकेतले ‘उठू नका’ गाळत होते. धनेशाने ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. सभेने त्याला सर्वांत वरची फांदी दिली. तिथून दूरवर त्याचे झाड दिसत होते. खालची फांदी मात्र पानांआड होती.

इकडे साळुंकी समोरच्या झाडावर बसली आणि एकही शब्द न चुकता हाक देत राहिली: पंखाला पंख लावून बसा, बोलू नका, उठू नका. मन लावून म्हणत होती. तिचा घसा बसला तरी ती थांबली नाही.

धनेश परतला तेव्हा फांदी रिकामी होती. धनेशी झाडाखाली पडली होती. पिसांचा थर इतका जाड होता, की ती पडल्याचा आवाज कुणालाच आला नव्हता.

तो खाली उतरला. तिच्या पंखाला पंख लावून बसला. तिचा पंख गार होता. तो बोलला नाही, उठला नाही. खूप वेळाने त्याच्या घशातून एक आवाज निघाला. असा आवाज त्याने आजवर कधी काढला नव्हता.

समोर साळुंकीने मान तिरकी केली आणि तो आवाज हुबेहूब काढला. पलीकडच्या राघूंनी तो उचलला. “नवी हाक!” कुणीतरी ओरडले. “आधीचीपेक्षा सरस आहे हो!”

डोंगराडोंगरांवरून पक्षी निघाले. खाली कुणी उतरले नाही. झाडावरून जाता जाता जो तो आपले पीस सोडत होता. पिसे तरंगत खाली येत होती, आणि धनेश चोचीने एकेक पीस तिच्या अंगावरून बाजूला करत होता.