शांतवनच्या लेकाचा बाप्तिस्मा

पाटाच्या कडेला एका गावात शांतवन नावाचा एक भोळा गाडीवान होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं सगळं करायचा, इतका. अशा माणसाला काही सांगायचंच नसतं, पण हे गावाला उशिरा कळलं.

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा त्याला मुलगा झाला. बायको मार्था हरखून गेली. तिचे वडील एलिया त्याच वर्षी वारले होते. ती म्हणाली, "बाप्तिस्म्याला पाळकसाहेब नाव विचारतील. बापानं सांगायचं असतं. एलिया सांगा. माझ्या बाबांचं नाव घरात राहू द्या."

शांतवन रोज नाव घोकू लागला. बैलांनासुद्धा पाठ झालं.

बाप्तिस्म्याला दोन आठवडे होते. एकदा जेवायला बसल्यावर मार्था म्हणाली, "डोळे मिटून देवाचे उपकार माना, मग खा." शांतवनने डोळे मिटले. उपकार बरेच होते. डोळे उघडले, तर ताटातला बोंबील मांजराने नेलेला.

"आवं, एक डोळा उघडा ठेवायचा की!"

"बरं."

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली. शांतवनने एक डोळा मिटला, एक उघडा ठेवला. समोर बायकांच्या बाकावर पोलीसपाटलाची बायको होती. हा आपल्याला पाव तास डोळा मारत होता, असं तिने नवऱ्याला सांगितलं. प्रार्थनेत तिला ते दिसलं कसं, हे कुणी विचारलं नाही. शांतवनला बाहेर दोन थोबाडीत बसल्या.

पाळकसाहेब म्हणाले, "अरे, प्रार्थनेत दोन्ही डोळे मिटायचे. मी आमेन म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत."

"बरं."

बुधवारी पाळकसाहेब त्याच्या गाडीतून शेजारच्या वाडीला निघाले. गाडी पाटाच्या कडेला लागली आणि त्यांनी प्रवासासाठी प्रार्थना सुरू केली. शांतवनने दोन्ही डोळे मिटले. प्रार्थना लांबली. बैलांना तहान लागली.

"अरे, पाणी! पाणी!" पाळकसाहेब ओरडले.

शांतवनला वाटलं, देवाकडे पाणी मागतायत. देवाने लगेच दिलं.

"डोळे उघड, गाढवा!" पाळकसाहेब छातीइतक्या पाण्यात उभे होते.

"तुम्ही आमेन कुठं म्हटलं?"

"वाद घालू नकोस! यापुढं मी बोलून थांबलो, की फक्त आमेन म्हणायचं. दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही!"

"आमेन," शांतवन म्हणाला.

बाप्तिस्म्याचा रविवार आला. पाळकसाहेबांनी बाळाला हातावर घेतलं. "या बालकाचं नाव काय?" एवढं बोलून ते थांबले.

"आमेन."

"अरे, नाव! नाव सांग!"

"आमेन!" शांतवन छाती काढून म्हणाला.

आमेन ऐकल्यावर मंडळी गप्प कशी बसेल? अख्खं चर्च गरजलं, "आमेन!" मार्था जीव तोडून "एलिया! एलिया!" ओरडत होती, पण त्या गजरात कुणाला ऐकू आलं नाही. पाळकसाहेबांना चाळीस वर्षांची सवय. नाव कानावर पडलं, की हात पाण्यात. तीनदा पाणी पडलं आणि पोराचं नाव आमेन झालं.

मार्था खूप रडली. शांतवनने तिची समजूत घातली, "अगं, आज माझं एक अक्षर चुकलं नाही."

आता पोरगं पाच वर्षांचं आहे. चर्चमध्ये प्रार्थना संपली, की बाकावर उभं राहून ओ देतं. घरी मात्र जेवणाआधीची प्रार्थना मार्था करते आणि शेवटी आमेन म्हणत नाही. हळूच "एलिया" म्हणते आणि जेवायला लागते.

शांतवन आमेनची वाट बघत डोळे मिटून बसतो. मांजर चांगलं गुबगुबीत झालंय.