पडद्याआड लिहिलेला कागद

फार वर्षांपूर्वी एका राजाच्या घरी पाळणा हलला. राजपुत्राला सांभाळायला बाई हवी म्हणून दवंडी पिटली, तशा शंभर बायका आल्या. शिपायाने दारातच रांगेप्रमाणे नावं लिहून घेतली. मग कारभारी एकेकीला आत बोलावून प्रश्न विचारू लागला. लेखनिक पडद्याआड बसून त्याच क्रमाने एकेका नावापुढे उत्तरं लिहीत होता, कारण परक्या बाईचं तोंड बघायचं नाही अशी तिथली रीत. शंभर जणींचं बोलणं कारभाऱ्याच्या लक्षात कुठलं राहणार? निवड झाली ती कागदावरून.

भिवरा नावाच्या बाईला नकार आला. का, ते कोणी सांगेना. वर गावात कुजबुज झाली आणि ज्या घरांत ती मुलं सांभाळायची, त्यांनीही तिला दारातूनच परत पाठवलं.

महिन्याने ती कारभाऱ्याकडे गेली. "माझ्या नावापुढे काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

"दरबारचा कागद आहे तो, तुझ्या माहेरची चिठ्ठी नव्हे. आज तुला दाखवला तर उद्या सगळ्या येतील."

"येऊ देत की. कागद दरबारचा, पण बोलणं तर माझंच ना?"

राणी तिथूनच चालली होती. तिने कागद वाचायला लावला.

लेखनिक वाचू लागला, "भिवरा. मूल रडलं तर काय करतेस? उत्तर, अफूचं बोट चाटवते. मग दुपारभर हूं नाही की चूं नाही."

भिवरा पुढे सरली. "राणीसाहेब, हे माझं नाही. माझ्या मागच्या बाईला लांब जायचं होतं, म्हणून नावं लिहून झाल्यावर मी तिला पुढे जाऊ दिलं. हे तिचं उत्तर."

"मग ती कुठे आहे?"

कारभाऱ्याने घाईने कागदावरची पुढची ओळ पाहिली. "तिच्या नावापुढे चांगलं उत्तर होतं. तिलाच ठेवलंय, पाळण्यापाशी."

बाळ किती शहाणं, रडतच नाही, असं महिनाभर सगळे कौतुकाने म्हणत होते. राणी तशीच पाळण्याकडे धावली. बाळ निपचित पडलं होतं, हलवलं तरी डोळे उघडेना.

वैद्यांनी शर्थ केली. दिवेलागणीला बाळ एकदाचं रडलं, तेव्हा कुठे राणीने श्वास सोडला. त्या बाईला हाकलून दिलं.

"आजपासून तूच सांभाळ," राणी भिवराला म्हणाली.

"सांभाळीन. पण आधी तो कागद दुरुस्त करा, राणीसाहेब, आणि चावडीवर वाचून दाखवा. मलाही माझ्या गावात राहायचंय."

तात्पर्य: ज्याच्याविषयी लिहून ठेवलं, त्याला ते वाचू द्यावं. त्यातली चूक दुसऱ्या कोणाला दिसत नाही.