कुंची घातलेला वरवंटा

पाटा आणि वरवंटा एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. यमुनाकाकूंच्या घरी नातीचं बारसं होतं. रीतीप्रमाणे बायकांनी आधी वरवंट्याला न्हाऊ घातलं, कुंची बांधली, काजळाचं बोट लावलं आणि बाळाच्या आधी त्यालाच पाळण्यात निजवून पाळणा गायला.

झालं! दुसऱ्या दिवशी स्वारी हवेतच. काकू मिरच्या-लसूण घेऊन बसल्या, तर हा हातातून निसटून सारखा कोपऱ्यात घरंगळे.

पाटा म्हणाला, "काय रे, अंगात आलंय का?"

"मी आता देव झालोय. लसणाला शिवणार नाही."

"असं? मग अंगणात एवढे दगड पडलेत, त्यांना का नाही निजवलं पाळण्यात?"

"ते? ते खडबडीत! बाळाचं दुपटं फाटेल ना!"

"आणि तू रे कशानं गुळगुळीत झालास?"

वरवंटा कोपऱ्यातून हळूच बाहेर घरंगळला. मग आपणहून काकूंच्या हाताखाली आला.

घुर्रर्र, घुर्रर्र. मिरच्या वाटता वाटता तो काल ऐकलेला पाळणा गुणगुणू लागला, आणि आतल्या खोलीत बाळाची किरकिर थांबली.