शिंपलीच्या फटीतली काडी

एका खाडीच्या काठाला, तिवरांच्या मुळांत बीळ करून, एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. पोहण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते आणि स्वभावही करारी, म्हणून साऱ्या खाडीने तिला कारभारीण मानले होते. खाडीची एक जुनी रीत होती. समुद्राचे पाणी जिथून आत शिरते तिथल्या खडकावर एक म्हातारी शिंपली बसलेली असे. भरती आली की आधी ती पाणी चाखायची. पाणी चांगले असले तर ती उघडी राही, वाईट असले तर घट्ट मिटून घेई. ती मिटली की कुणीही पाण्यात उतरायचे नाही, मग पोटात कावळे का ओरडेनात. मुलांनो, ऐकायला ही रीत सोपी वाटते. भूक लागल्यावर पाळून बघा म्हणजे कळेल!

एका वर्षी काय झाले, अमावास्या-पौर्णिमेला मोठी उधाणाची भरती आली की शिंपली हमखास मिटू लागली. नेमके तेव्हाच माशांचे थवे खाडीत शिरत. डोळ्यांसमोरून मासे जात आणि सगळे काठावर हात चोळत बसत. "म्हातारीला भ्रम झालाय," बगळा चिडून म्हणाला. पाणमांजरीची पिल्ले तर पार वाळून गेली. शेवटी तिने ठरवले की बाहेर किनाऱ्यावर जाऊन पाणी कुठे बिघडते ते शोधायचे.

हे कानावर येताच कोल्ह्याचे धाबे दणाणले. खाडीबाहेरच्या वाळूत त्याचा एक खड्डा होता. खाऊन उरलेली माशांची डोकी, आतडी, सगळे तो त्यात टाकी. उधाणाचे पाणी त्या खड्ड्यात शिरे आणि ती घाण घेऊन खाडीत येई. तो धावतच पाणमांजरीकडे आला.

"ताई, कशाला उन्हातान्हाची वणवण करता?" तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "पाणी होते तसेच आहे. आजींचे वय झाले, सांधे आखडलेत, म्हणून त्या आपोआप मिटतात. फटीत एक काडी घालू. त्यांनाही आराम आणि पोरांच्या पोटातही दोन घास!"

पाणमांजरीला हे पटले का? मनापासून नाही पटले. पण धाकटे पिल्लू तिच्या पोटाशी बिलगून सारखे कुरकुरत होते. "बरं, एवढ्या एका उधाणापुरती," ती म्हणाली.

"बये, असं करू नकोस," शिंपली कळवळून म्हणाली. "मी काय माझ्या एकटीसाठी मिटते का गं?" पाणमांजरीने मान फिरवली आणि कोल्ह्याने काडी बसवली.

उधाण आले. सगळ्यांनी खडकाकडे पाहिले, तर शिंपली उघडी! मग काय विचारता, ज्याने त्याने पाण्यात उडी घेतली. त्या दिवशी पिल्ले पोट फुटेस्तोवर जेवली. पुढच्या उधाणालाही शिंपली उघडीच होती. एका उधाणापुरती लावलेली काडी काढायची आठवण कुणालाच राहिली नाही, पाणमांजरीलाही नाही. काडी आहे हेच हळूहळू सगळे विसरले आणि शिंपली उघडी आहे एवढेच पाहू लागले.

मग एके सकाळी खेकडे पाणी सोडून खडकावर येऊन बसले. मासे पोट वर करून तरंगू लागले. धाकट्या पिल्लाने मान टाकली. पाणमांजरी रागाने लाल होऊन खडकावर गेली आणि ओरडली, "आजी, पाणी एवढे नासले तरी तू मिटली नाहीस? माझे लेकरू मरायला टेकलेय!"

शिंपलीचा आवाज जेमतेम उमटला. "मिटायला जागा कुठे ठेवलीस, बये?"

पाणमांजरीला एकदम सगळे आठवले. तिने दातांनी काडी उपसून काढली. पण शिंपली मिटली नाही. इतके दिवस तेच पाणी पिऊन तिच्यात मिटण्याचे बळच उरले नव्हते; तिथेच तिने प्राण सोडला. पाणमांजरी तिच्याजवळ बसून खूप रडली.

नंतर तिने वासाचा माग काढत खड्डा शोधला आणि सगळ्यांनी मिळून तो वाळूने बुजवला. बगळ्याने टोचून टोचून कोल्ह्याला पिटाळून लावले. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाजून पिल्लूही कसेबसे वाचले. सगळे ठीक झाले म्हणावे, तर खडक रिकामा होता. पाणमांजरी दुसऱ्या शिंपल्यांकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, "तुमच्यापैकी कुणीतरी चला. पुन्हा काडी लावणार नाही, शपथ घेते."

"आणि पिल्लांना पुन्हा भूक लागली तर?" एका शिंपलीने विचारले.

पाणमांजरीची नजर आपोआप पिल्लांकडे वळली. ते पाहून कुणी आले नाही. तेव्हापासून भरती आली की ती दोन्ही पिल्लांना मानेला धरून काठावर थांबवी आणि पाण्याकडे टक लावून बघत राही. पाणी चांगले असो वा वाईट, वरून ते सारखेच दिसे.

तात्पर्य : धोका सांगणारी खूण आपल्या सोयीने वळवली, तर धोका टळत नाही, तो न सांगता येतो.