गुहेतली तालीम

मुलांनो, आधी मला एक सांगा. तुम्ही एखाद्या दुकानात गेलात आणि तेथे दोघे भेटले. एक जण तुमच्या प्रत्येक शब्दाला "वा! तुम्हालाच शोभेल हे!" म्हणतो. दुसरा मात्र "कशाला हवं? किती झेपतं?" असे विचारून डोके खातो. दोघांतल्या कोणावर विश्वास ठेवाल? उत्तराची घाई करू नका. व्यायामाचे सामान विकण्यात माझा उभा जन्म गेला. शाळेत फारसा गेलो नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडून. घरात तालीम मांडायची म्हणून येणारा माणूस दारातच विचारतो, "शेजारच्यांनी काय नेलं?" आपली कंबर दुखते की गुडघा, हे तो अगदी शेवटी सांगतो, तेही बायकोने कोपराने ढोसल्यावर. ही गोष्ट अशाच एका गिऱ्हाइकाची आहे. फक्त ते अस्वल होते.

एका डोंगराळ रानात, कड्याखालच्या गुहेत, ते अस्वल आणि त्याची अस्वलीण राहत असत. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून अस्वलिणीचा मागचा पाय अधू झाला होता. गुहेजवळचा झरा चैत्र सरता सरता आटे. मग सगळे रान खिंड चढून पलीकडच्या डोहावर जाई. अस्वल बायकोला पाठीवर घेऊन ती चढण चढे. दोन उन्हाळे त्याने तिला असे नेले. पण त्या वर्षी थंडीच्या तोंडाला त्याला ताप आला, तो महिनाभर हटला नाही. उठले तेव्हा अंगावरची कातडी सैल लोंबत होती.

"चैत्राला अजून चार महिने आहेत," ते बायकोला म्हणाले. "गुहेतच तालीम मांडतो. तोवर होईन पूर्वीसारखा."

"अहो, पण बेताने हं," अस्वलीण म्हणाली. "आधी पोटभर खा तरी."

रानात व्यायामाच्या सामानाचे दुकान एकच होते, साळिंदराचे. तेथे लाकडी मुद्गल होते, लोंबकळायला वेली होत्या, मधे भोक पाडून मूठ केलेले लहानमोठे दगड होते. साळिंदराची एक रीत होती. सामानासोबत ते कोळशाचा एक तुकडा देई. व्यायाम झाला की गिऱ्हाइकाने घरच्या भिंतीवर आपल्या हाताने एक रेघ ओढायची. पंधरा दिवसांनी साळिंदर स्वतः येऊन रेघा पाही, आणि सामान जड जात असले तर हलके, हलके वाटत असले तर जड बदलून देई.

साळिंदराने अस्वलाचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "दादा, तुला वहिनींना घेऊन चढण चढायचीय ना? मग दगडांकडे बघूच नकोस. ही झाडाच्या सालीची झोळी घे. पाठीला बांध, चार ओंजळी वाळू भर आणि गुहेसमोरचा उतार चढ-उतर कर. अंगवळणी पडेल तशी वाळू वाढव. चैत्रापर्यंत वहिनींच्या वजनाची वाळू पाठीवर असेल."

शेजारच्या खांबाला मान घासत एक गवा उभा होता. तो फुरफुरून हसला. "काय अस्वलराव, झोळी घेऊन भिक्षेला निघालात? आमच्या वासराला एकदा दिली होती अशी. त्यानं ती खाऊन टाकली!"

दुकानातले दोन ससे आणि एक भेकर खुदखुदले. अस्वलाने झोळी खाली ठेवली. "तो कोपऱ्यातला मोठा दगड दाखव," ते म्हणाले. "गेल्या साली मी असले दोन उचलत होतो."

"गेल्या सालचं नाही विचारलं मी. आज सकाळी किती उचललंस?"

"तेवढंच."

"वा!" गवा म्हणाला. "याला म्हणतात छाती! तुम्हालाच शोभेल हा दगड."

साळिंदराला अस्वलाचा पंजा थरथरताना दिसला होता. त्याने बोलायला तोंड उघडले, चार गिऱ्हाइकांकडे पाहिले आणि मिटले. दगड आणि कोळसा अस्वलाच्या हवाली झाला. गव्याने मोठ्या हौसेने दगड शिंगांनी ढकलत गुहेपर्यंत आणूनही दिला.

पहिल्या दिवशी दगड गुडघ्यापर्यंत उचलला गेला. अस्वलाने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तो जमिनीपासून वीतभर सुटला. दुसरी रेघ. तिसऱ्या दिवशी पाठीत काहीतरी कट्कन वाजले आणि दगड होता तेथेच राहिला.

"झाली का हो तालीम?" आतून अस्वलिणीने विचारले.

"झाली," अस्वल म्हणाले आणि त्याने तिसरी रेघ ओढली.

ती रेघ फार सोपी गेली, मुलांनो. चौथी त्याहून सोपी गेली. पुढे ते सांगू लागले, "तू उठायच्या आधीच मी उरकतो." दगड दिवसभर रिकामाच असतो म्हणून अस्वलीण त्याच्यावर आवळे वाळत घालू लागली.

पंधरा दिवसांनी साळिंदर आले. भिंतीवर पंधरा रेघा, सगळ्या सारख्या, एका ओळीत. "एकदा माझ्यासमोर उचलून दाखवतोस का, दादा?"

"आत्ताच झाली रे. अंग गरम आहे अजून."

"जड जात असला तर बदलून देतो. झोळी ठेवलीय मी बाजूला."

"आणि तो गवा काय म्हणेल?" अस्वल हसून म्हणाले. साळिंदरही कसनुसे हसले आणि निघून गेले.

माघात एक नीलगाय गुहेशी आली. तिचे पाडस अशक्त होते, म्हणून तिचा कळप त्या वर्षी लवकर निघणार होता. "वहिनी, तुम्हीही चला आमच्याबरोबर," ती म्हणाली. "वाटेतल्या खळग्यांत अजून पाणी आहे. रोज थोडं चालायचं, बसायचं, परत चालायचं. महिनाभर लागू दे. तीन पायांनी का होईना, पोहोचाल तुम्ही."

अस्वलिणीला ते पटल्यासारखे वाटले. तिने नवऱ्याकडे पाहिले. अस्वलाला त्या क्षणी सांगता आले असते. एकच वाक्य होते. ते भिंतीकडे पाहत राहिले.

अस्वलिणीने त्याची नजर गेली तिकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "नको गं बाई," ती नीलगायीला म्हणाली. "इतक्या कष्टानं तालीम केलीय ह्यांनी. पन्नासच्या वर रेघा झाल्यात बघ. मी तुझ्याबरोबर गेले तर काय वाटेल त्यांना?"

नीलगाय गेली. चैत्र आला. एकेक करून सगळे रान खिंड चढून गेले. झऱ्याचा चिखल झाला, मग चिखलाला भेगा पडल्या. आता वाटेतले खळगेही कोरडे होते. एका सकाळी अस्वलाने बायकोला पाठीवर घेतले.

अर्ध्या चढणीपर्यंत ते कसेबसे पोहोचले. तेथे एका वाळक्या सावरीखाली त्याची पाठ धरली आणि ते गुडघ्यांवर बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा उठलेच नाही.

"अगं, माझ्यानं होत नाही," ते म्हणाले. "कधीच होत नव्हतं."

"आणि रेघा?"

"नुसत्याच ओढल्या."

अस्वलिणीने वर खिंडीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, माघात सांगितलं असतं तर मी चालत गेले असते ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर अस्वलाला बरे वाटले असते.

तिला सावरीच्या बुंध्याशी टेकवून ते एकटेच रांगत, धडपडत खिंड पार करून डोहावर गेले. पळसाच्या पानांच्या द्रोणात पाणी घेऊन परतले. उतरताना निम्मे सांडले. सावरीपाशी आले तेव्हा ऊन कलले होते आणि बुंध्याशी कोणी नव्हते.

अस्वलीण तेथून साठ-सत्तर पावले वर सापडली. धुळीत तिच्या सरपटण्याची वाट उमटली होती. तोंड खिंडीकडे होते. अस्वलाने द्रोण तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून खाली ओघळले आणि जमिनीने ते पिऊन टाकले.

पावसाळा सरल्यावर साळिंदर गुहेत आले. आता तेथे अस्वल एकटेच राहत होते. साळिंदर म्हणाले, "दादा, तुझा पंजा थरथरताना मी दुकानातच पाहिला होता. चारचौघांत गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गप्प बसलो. इथं आलो तेव्हाही ओळखलं होतं. तेव्हा तर कोणीच नव्हतं, तरी गप्प बसलो."

अस्वल भिंतीकडे पाहत होते. "पुसायला घेतल्या होत्या," ते म्हणाले. "पण त्यातल्या पहिल्या दोन खऱ्या आहेत. तेवढ्या ठेवू की त्याही पुसू, ते कळेना."



तात्पर्य : आपल्याला आज काय झेपते ते लपवून मोठे सामान घरी आणले, तर ताकद वाढत नाही, आणि आपल्या शब्दावर विसंबलेल्या माणसाची दुसरी वाटही बंद होते. म्हणून मुलांनो, विश्वास अवघड प्रश्न विचारणाऱ्यावर ठेवा आणि त्याला खरे उत्तर द्या. आणि माझी एवढी विनंती ऐका : दुसऱ्या कोणी पाहो न पाहो, आपल्या अंगच्या बळाचा हिशेब खरा ठेवा, चुकला तर चुकला म्हणा, पण खोटी रेघ ओढू नका.