पाणवठ्यावर बिबट्या आहे का?

जंगलात मोबाइल नवे होते आणि रेंज फक्त टेकडीवर मिळायची, त्या काळची ही गोष्ट. पाणवठ्यावर बिबट्या आहे की नाही, हे आधीच कळायची सोय करा, असं हरणांची चांदीमावशी सभेत म्हणाली.

"ॲप करू," सुगरण म्हणाली. "प्रत्येकाच्या फोनच्या मापाने विणून देते. रेंज नसली तरी उघडेल."

"कशाला एवढा व्याप?" कोळी म्हणाला. "वेबसाइट करू. एकदाच करायची, कुठल्याही फोनवर दिसेल, खबरही ताजी मिळेल."

झालं! महिनाभर सभा चालल्या. सशांनी तर दोन गट केले आणि एकमेकांशी बोलणंही सोडलं. शेवटी दोन्ही करायचं ठरलं, आणि झालंही.

दुसऱ्या दिवशी मावशी पाण्यावर निघाली. वाटेत तिने ॲप उघडलं. झटकन उघडलं, पण खबर कालची होती. मग तिने वेबसाइट लावली, तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मावशी त्या चाकाकडे बघत पाण्यापर्यंत पोचली, तोच जांभळीवरचं वानर खाकरून ओरडलं. मावशीने फोन टाकून धूम ठोकली. बिबट्याच्या पंजात आला तो फोनच.

संध्याकाळी सभेत सुगरण आणि कोळी पुन्हा भांडायला लागले, ॲप चांगलं की वेबसाइट.

"तुमचं चालू द्या," मावशी म्हणाली. "फक्त त्या वानराच्या हातात फोन देऊ नका."