उंडीबंदरचा भुरका

तुम्ही बसलाय तो जांभ्याचा कट्टा साधासुधा नाही. त्याला भुरक्याचा कट्टा म्हणतात. हसा, हसा, इथे आलेला प्रत्येक जण हसतो. एरवी जेवताना आवाज केला तर आमच्या बायका पोरांना डोळे वटारून गप्प करतात. पण गावात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ओल्या शेवया, झाले की पहिला भुरका याच कट्ट्यावर, तोही परगावच्या माणसाने आणि चांगला मोठ्याने मारायचा असतो.

फार पूर्वी म्हणे इथे भागीरथी नावाची गाबीत, म्हणजे मासेमारांतली, बाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा, आमच्या बोलीत झील, धाकू वादळात होडीसकट नाहीसा झाला. गावाने आशा सोडली, तिने नाही. त्याच वादळाने एक परका खलाशी किनाऱ्यावर आणून टाकला. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशाचा, भाषा कुणाला कळेना. त्याला या कट्ट्यावर निजवलं. पेज दिली, भाकरी दिली. तो तोंड फिरवायचा. हा काही वाचत नाही, असं सगळे म्हणू लागले.

तेव्हा भागीरथीने समुद्राकडे हात करून शपथ घेतली. "हो कोणाचो तरी झील. हेका मी जगवलंय, तर माझ्या झिलाक खंय तरी कोण तरी जगवतला. हो जेवल्याशिवाय मी जेवचंय नाय!"

दोघंही खंगत चालली. शेवटी तिने धाकूच्या आवडीचे शिरवाळे करायला घेतले. तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळून गोळे केले, ते उकळत्या पाण्यात शिजवले. आता शिरवाळ्यांचं कसं असतं, गोळा गरम आहे तोवर साच्यातून दाबायचा. निवला की संपलं. त्याला अंगात जोर लागतो, आणि ही तर उपाशी. साचा हलेना. तिला रडू फुटलं.

तोच मागून दोन हात साच्यावर पडले. तो खलाशी उठून आला होता, असं सांगतात. त्याने अंगाचा सगळा भार टाकला आणि खाली पांढऱ्याशुभ्र तारा उतरल्या. त्या बघून त्याचे डोळे भरून आले.

भागीरथीने रीतीप्रमाणे वर गूळ घातलेला नारळाचा रस ओतला. त्याने चाखला आणि वाडगा खाली ठेवला! लोकांनी कपाळाला हात लावला. त्याने मात्र चुलीवरच्या कोळंबीच्या साराकडे बोट दाखवलं. तिरफळ घातलेलं ते कढत सार शिरवाळ्यांवर पडलं, त्याने बांबूच्या दोन काड्यांनी तारा उचलल्या आणि असा भुरका मारला की कावळे उडाले. मग भागीरथी जेवली.

तो बरा होऊन गलबताने गेला. पुढे बऱ्याच काळाने दुसऱ्या एका गलबतातून धाकू उतरला. आईने त्याच्यापुढे तेच खारे शिरवाळे ठेवले, आणि धाकूनेही अगदी तसाच भुरका मारला.

"ह्यो भुरको खंय शिकलंस?"

"लांब पूर्वेक. एका म्हातारीन जगवल्यान माका. मी जेवल्याशिवाय जेवा नाय ती."

गेल्या खेपेला एक पाहुणा म्हणाला, हे तर जपानी रामेन! म्हटलं, असेल बाबा. आमच्याकडे हे खारे शिरवाळेच.

आजही पाहुण्याचा भुरका ऐकू आल्याशिवाय घरातलं कुणी घास घेत नाही. कुणाचं तरी माणूस आजही समुद्रावर असतंच. आत माझी सून कान देऊन बसलीय. तिचा नवरा बोटीवर आहे. तेव्हा लाजू नका. उचला वाडगा, आणि तिला ऐकू जाईल असा भुरका मारा.